हात बाहेर?

सणसवाडीत आम्ही खोली घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. मी मोरीत भांडी घासत बसले होते आणि दारावर टकटक झाली. बघते तर घरमालक. डोळ्यांवर चष्मा, त्या चष्म्यावर आणखी एक हिरवा जाड गॉगल, अंगात कंपनीचा जुना खाकी शर्ट.

"सूनबाई, जरा 'बाहेर' म्हणा."

"कोण बाहेर? हे फर्स्ट शिफ्टला गेलेत."

"तसं न्हाई वो. मी पुढच्या खोलीतनं इचारतो, 'हात बाहेर?' तुम्ही हितनं वरडायचं, 'बाहेर!' एवढंच काम हाय."

मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "माझे हात खरकट्यात आहेत, आप्पा. हे आत धरायचे की बाहेर?"

ते हसले नाहीत. दारातच उभे राहिले, मी 'हो' म्हणेपर्यंत. मग पुढं गेले आणि भिंतीपलीकडनं हाक आली, "हात बाहेर?" मी "बाहेर!" म्हणून ओरडले, आणि पलीकडं काहीतरी घुर्रर्र करत सुरू झालं. संध्याकाळी ह्यांना म्हटलं, म्हातारा सटकलेला आहे, दुसरी खोली बघा. दुसरी खोली काही बघितली नाही. पुढं सात वर्षं मी दिवसातनं दहा-पंधरा वेळा 'बाहेर' म्हणत राहिले. कपडे धुताना म्हटलं, भाकरी थापताना म्हटलं, तापात फणफणले होते तेव्हा गोधडीतनंसुद्धा म्हटलं.

पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं. घरी वापरायचा लेझर कटर. जुन्या मोठ्या टीव्हीएवढी पेटी, वर काचेचं झाकण. आत दोन रुळांवर एक हेड इकडून तिकडे फिरतं, त्यातनं उजेडाची बारीक रेघ खाली पडते आणि प्लायवूड, ॲक्रिलिक, पुठ्ठा असा कापते की करवत लाजावी. दारावरच्या नावाच्या पाट्या, केकवर खोचायची नावं, रुखवतातली कलाकुसर, सगळं त्यावर होतं. हेड जाताना कशाला अडखळलं, फळी वाकून वर आलेली असली किंवा कुणी चिमटा आत विसरला, की मशीन जागच्या जागी थांबतं, लाल दिवा लावतं आणि ओरडतं. आप्पा त्याला 'धडक' म्हणत. "तिला धडक कळती, सूनबाई. माणसाला बी कळत न्हाई एवढी लौकर कळती."

आप्पा मूळचे केंदूरचे. कंपनीत टूलरूमला तीस वर्षं काढली, तपासनीस म्हणून. रिटायर झाले तरी मापाचं खूळ गेलं नव्हतं. शर्टाच्या खिशात व्हर्नियर, केसाएवढी जाडी मोजायची पट्टी. मी एकदा भाकरी नेऊन दिली तर जेवायच्या आधी तिची जाडी बघितली. "कडंला तीन, मधी साडेचार. डावा हात जड पडतोय तुमचा."

"मग उद्यापासून उजव्या हाताची खा," मी म्हटलं.

"खाल्ली असती, पर मोजायचं तर लागंल." आणि खाली मान घालून जेवायला लागले. त्या माणसाचा विनोद असा, कळेपर्यंत वेळ निघून जायची.

कुठल्याही खोलीत शिरताना ते दोनदा टकटक करत. आपल्याच खोलीत. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, आत कोणी नाही, तरी टकटक. संडासाला बाहेरनं कडी असली तरी टकटक. वाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, त्यात मीही होते.

मशीन लावायचं त्यांनी मला शिकवलं. पहिला महिना नुसता पुठ्ठा दिला, मिठाईच्या खोक्यांचा. रोज सकाळी हेड कोपऱ्यातल्या मूळ जागेवर न्यायचं. तिथं टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग हेडची उंची. त्यासाठी मशीनबरोबर आलेलं माप त्यांनी माळ्यावर टाकलं होतं आणि एका लग्नपत्रिकेचा तुकडा ठेवला होता, त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या. हेड आणि फळी यांच्यामधून तो तुकडा सरकवायचा. "सरकला पायजे, पर कुरकुरत. आपसूक सरकला म्हंजी हेड वर हाय. अडकला म्हंजी खाली हाय. कुरकुरला म्हंजी बरूबर." मग पुठ्ठ्यावर एक फुली कापायची. हेड परत कोपऱ्यात न्यायचं, परत तीच फुली, त्याच जागी. असं दहा वेळा. दहा फुल्या एकावर एक पडून एकच फुली दिसली तर मशीन खरं. नऊ वेळा बरोबर आणि एकदा केसभर बाजूला, तर पुन्हा पहिल्यापासून.

"नऊ वेळा बरोबर आलंय की आप्पा! पाटीच तर कापायची आहे."

"दहाव्या येळंला कोण उभं आसंल, ते आपल्याला ठावं न्हाई."

सगळे पुठ्ठे तारेत ओवून खिळ्याला टांगलेले. प्रत्येकावर तारीख. मी हसायचे, चिडायचे, पण शिकले. दोन वर्षांत माझ्या पाट्या शिक्रापूरपर्यंत जायला लागल्या. निमोण्याच्या माझ्या आईनं दारावर पाटी लावली, मी कापलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी तरी 'अमक्याची बायको' सोडून काहीतरी म्हणत होतं. पाटीवाल्या ताई म्हणत होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे मी केलं त्याची मुळं इथं आहेत.

आमच्याकडं गुरुवारी लाइट नसायची. लाइट नाही म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद म्हणजे आप्पा गायब. सकाळी धुतलेला शर्ट घालून निघत, दिवेलागणीला परत. कुठं गेला होता विचारलं की "हितंच" म्हणत. एकदा माझी मावशी आजारी पडली, तिला बघायला मी गुरुवारीच दौंडला निघाले. न्हावऱ्याला गाडी बदलली तर त्या वडाप जीपमध्ये पुढं आप्पा बसलेले. मला बघून चपापले.

दौंडला मावशीकडनं परत येताना स्टेशनच्या बाजूला मला ते पुन्हा दिसले. चहाच्या टपरीवर उभे. समोर रस्त्यापलीकडं फोटो फ्रेमचं दुकान. आप्पा हातात ग्लास धरून त्या दुकानाकडं बघत होते. चहावर साय धरलेली. दुकानात पन्नाशीकडं झुकलेला एक माणूस खाली मान घालून काच पुसत होता. एकाच हातानं. दुसरा हात मनगटापाशी संपला होता, आणि त्या थोट्या हातानं त्यानं फ्रेम छातीशी दाबून धरली होती.

मी जवळ गेले. "कोण आहे तो?"

आप्पांनी तो गार चहा एका घोटात पिला. "आमच्या कंपनीतला. प्रेसवर व्हता."

परतीच्या गाडीत त्यांनी सांगितलं. सलग नाही, मधे मधे खिडकीबाहेर बघत. प्रेसला पत्रा घालणारा एक यांत्रिक हात होता, आणि मधे कोणाचा हात आला तर थांबवणारा सेन्सर. तो सेन्सर बिघडला. काही नसताना धडक दाखवायचा, दिवसातनं वीस वेळा मशीन थांबवायचा. सुपरवायझर डोक्यावर बसलेला. नवा सेन्सर यायला आठ दिवस होते. आप्पांनी एक वायर लावून जुना बंद केला. "आठ दिसांपुरता. म्हनलं, मी सोता उभा राहीन, बटन दाबायच्या आदी इचारीन." पाचव्या दिवशी हात गेला.

"मग तुम्ही विचारलं नव्हतं का त्या दिवशी?"

त्यांनी खिशातला व्हर्नियर चाचपला. मग म्हणाले, "इन्क्वायरीत मी सांगितलं, न्हाई इचारलं म्हणून."

दौंडच्या त्या दुकानासमोर ते किती वर्षं गुरुवारी जात होते, मी विचारलं नाही. एकदाही रस्ता ओलांडला नव्हता, एवढं मात्र त्यांनीच सांगितलं. आणि मशीन कुणासाठी घेतलंय तेही सांगितलं. फ्रेमच्या आतला पुठ्ठा कापायला दोन हात लागतात. ह्या मशीनला एक बोट पुरतं. "त्याला द्यायचंय. पर आदी खरं हुंदे. माझ्या हातनं त्याच्याकडं आता खोटी वस्तू जायची न्हाई."

मला भरून आलं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी दुसरंही मनात आलं. मशीन जाणार. मग माझं काय?

दर वर्षी काहीतरी कमी पडायचं. कधी रूळ झिजलेला, कधी पट्टा सैल. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकायचे. पण गेल्या वर्षी नवरात्रात सलग नऊ दिवस, रोज, दहाच्या दहा फुल्या एक आल्या. आप्पांनी दहावी फुली भिंगातनं बघितली, पुठ्ठा तारेत ओवला आणि म्हणाले, "दसऱ्याला नेतो. सोनं द्यायला आलेल्या माणसाला कोणी दारातनं परत लावत न्हाई." टेम्पो सांगितला. खंडेनवमीला स्वतः शिक्रापूरच्या बाजारात आपट्याची पानं आणायला गेले.

खंडेनवमी म्हणजे आमच्याकडं हत्यारांची पूजा. निमोण्याला पाण्याची मोटर, ट्रॅक्टर, विळा, खुरपं, सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं. आप्पांची मात्र सक्त ताकीद: मशीनला लांबूनच हात जोडा, हळद नको, कुंकू नको, फूल नको. सात वर्षं मी ऐकलं. पण त्या दिवशी वाटलं, उद्या हे जाणार, ह्यानं मला खाऊ घातलं, नाव दिलं, आणि ह्याचं कपाळ मी कोरडं ठेवू? झाकण उघडलं. हेडला बोटभर कुंकू लावलं, हळद लावली, आणि हात जोडता जोडता सवयीनं चिमूटभर अक्षता टाकल्या. लगेच जीभ चावली. सगळं फडक्यानं पुसलं, तांदूळ एक एक वेचले, झाकण लावलं. आप्पांना काही कळलं नाही.

दसऱ्याला सकाळी टेम्पो दारात उभा होता. आप्पांनी नवा पांढरा शर्ट घातलेला, खिशात आपट्याची पानं. निघण्याआधी शेवटच्या दहा फुल्या. "हात बाहेर?" "बाहेर!" एक. दोन. सहापर्यंत नीट गेलं. सातव्याला मशीन थांबलं, लाल दिवा लागला, ओरडायला लागलं.

आत काहीच नव्हतं. ना फळी, ना चिमटा. पुन्हा पहिल्यापासून. दहाच्या दहा नीट. पुन्हा एकदा केलं तर चौथ्याला धडक. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आप्पांनी रूळ पुसले, पट्टा चाचपला, भिंग लावून बघितलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, ते कुणाला सांगत नसत. मी बाजूला उभी. मला तेव्हा खरंच सुचलं नाही, शपथेवर सांगते.

दुपारी बारा वाजता ते स्टुलावर बसले. "काही नसताना धडक दावती. हीच ती. खोटी धडक दावली की माणूस वैतागतो. वैतागला की सेन्सर बंद करतो. आन् मग खरी धडक येती." त्यांनी टेम्पो परत पाठवला. खिशातली पानं काढून व्हर्नियरच्या डबीत ठेवली. नवा शर्ट काढून घडी घातली. मला सोनं द्यायलासुद्धा विसरले.

पुढच्या आठवड्यात मी ब्रशनं मशीन साफ करत होते. पट्ट्याच्या दात्यांत, झाकणपट्टीच्या आतल्या बाजूला, काहीतरी लाल टोचलेलं दिसलं. सुईनं काढलं. तांदळाचा अर्धा दाणा. कुंकवाचा.

पट्टा फिरताना तो दाणा कधी आत दबायचा, कधी वर यायचा आणि हेड अडखळायचं. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला खरीच धडक लागत होती, माझ्या अक्षतेची.

तेव्हा लगेच उठून दोन पावलं पुढं जायचं होतं. आप्पा अंगणातच बसले होते. मी दाणा तुळशीत टाकला आणि हात धुतले. भीती वाटली म्हणा. बोलणी बसतील, आमच्यावर विश्वास राहणार नाही. पण नुसती भीती नव्हती. मशीन राहिलं होतं ना! माझ्या दिवाळीच्या चाळीस पाट्या बाकी होत्या. दिवाळी झाली की सांगू, असं मी स्वतःला समजावलं. मेलं माझं समजावणं.

त्यानंतर मशीन एकदाही अडलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, बघा, आपोआप बरी झाली. न्या आता."

"आपोआप गेलेली चूक आपोआप परत येती, सूनबाई. का आली ते घावल्याशिवाय न्यायची न्हाई." आणि रोज पुन्हा दहा फुल्या. का आली ते त्यांच्यापासून चार हातांवर कणीक मळत होतं.

दिवाळी झाली. एका सकाळी मी दारात गवारी निवडत होते. भिंतीपलीकडनं आवाज आला, "हात बाहेर?"

"बाहेर!"

मशीनचा आवाज आला नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा ओरडले, "बाहेर, आप्पा!" काही नाही. गवार तशीच टाकून गेले. ते स्टुलावर बसलेले, डोकं भिंतीला टेकलेलं, दोन्ही हात मांडीवर. हिरवा गॉगल डोळ्यांवरच होता. मशीनचं झाकण लावलेलं होतं, हेड कोपऱ्यात होतं. मी सात वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत टकटक न करता शिरले होते.

केंदूरहून पुतण्या आला, त्यानं सगळं केलं. तेराव्यानंतर मला म्हणाला, "ताई, ते मशीन तुम्हीच ठेवा. आमच्यात कुणाला येतंय?" माळ्यावर मशीनचं मूळ खोकं होतं. त्यावर आप्पांच्या तपासनीस अक्षरात लिहिलेलं: दौंड. मी पुतण्याला म्हटलं, हे माझं नाही. म्हणताना रडू आवरलं नाही, आणि ते नुसतं आप्पांसाठी नव्हतं हेही कबूल करते.

एका गुरुवारी मी आणि हे टेम्पोनं दौंडला गेलो. दुकानापुढं खोकं उतरवलं. फ्रेमवाल्या दादांनी खोक्याकडं बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरनं समोरच्या टपरीकडं बघत म्हणाले, "म्हातारं बरं हाय ना? लई गुरवार झालं, दिसलं न्हाईत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिसापास्नं."

सांगितलं त्यांना. ते खाली बसले. त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, मला दिलं, त्यांना दिलं. मग मीच उठले, म्हटलं, मशीन लावून देते. टेबलावर ठेवलं. हेड कोपऱ्यात नेलं, टक्‌ ऐकलं. लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवला. कुरकुरला. पुठ्ठा ठेवला, झाकण लावलं, आणि बटणावर बोट ठेवून सवयीनं विचारलं, "हात बाहेर?"

त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "हे कुणी शिकवलं तुमास्नी?"

"आप्पांनीच. विचारल्याशिवाय कधी बटण दाबलं नाही त्यांनी."

"त्या दिशी बी इचारलं व्हतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"इचारलं व्हतं, ताई. मीच 'बाहेर' म्हनलो. आन् पत्रा तिरका दिसला म्हणून पुन्यांदा हात घातला. इन्क्वायरीत ते उठून म्हनले, मी इचारलं न्हाई, चूक माजी. माजी चूक निगाली आसती तर कंपनीनं भरपाई सोडा, मला दारात बी उभं केलं नसतं. मी गप बसलो. पोरं ल्हान व्हती." त्यांनी थोट्या हातानं डोळे पुसले. "दर गुरवारी ते टपरीवर आलं की मला वाटायचं, आज माज्या तोंडनं खरं ऐकायला आले. म्हणून मान वर केली न्हाई. ते रस्ता वलांडून आलं आसतं, तर मी पाय धरलं आसतं. पर मी तरी कुठं गेलो?"

मग मीही सांगितलं. तांदळाचा दाणा, तुळस, चाळीस पाट्या, सगळं. नवऱ्यालासुद्धा ते तेव्हाच कळलं. दादांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं वाटलं असतं. मी बरोबर आणलेली व्हर्नियरची डबी उघडून वाळलेली आपट्याची पानं काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. हाताला लागताच त्यांचा चुरा झाला. दादांनी मूठ मिटली, चुरा सांडू दिला नाही, आणि फोटोमागं लावायच्या कागदाच्या पुडीत ठेवला.

"पुन्यांदा इचारा," ते म्हणाले.

"हात बाहेर?"

त्यांनी हात वर केला, डोळ्यांसमोर धरून नीट बघितला, आणि मग म्हणाले, "बाहेर."

मी बटण दाबलं. फुली कापली गेली. हेड कोपऱ्यात गेलं, परत आलं, पुन्हा तीच फुली. प्रत्येक वेळी मी विचारत होते, प्रत्येक वेळी ते हात बघून उत्तर देत होते. मी मनात मोजत होते. शेवटी झाकण उघडून पुठ्ठा उजेडात धरला.

दहाच्या दहा. एकच फुली दिसत होती.